पळवणकर बाळू आमचे नव्हेत काय?

घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते रामदासांचे जन्मगाव म्हणून. रामनवमीला इथे उत्सव भरतो, लांबून लांबून माणसे येतात. आमचे जाणे असते ते पोरांच्या अभ्यासिकेच्या कामाने. पोरे स्पर्धा परीक्षेची पुस्तके उघडून बसतात खरी, पण संध्याकाळचे पाच वाजले की निम्मी पुस्तके तशीच उघडी राहतात आणि पोरे टेनिस बॉल घेऊन रानात पळतात. त्यांना कोणत्या तोंडाने रागवायचे? आम्हीही तेच करत होतो.

मार्चमध्ये भीमजयंतीच्या तयारीची बैठक होती. वर्गणी, मिरवणुकीचा मार्ग, डीजे की बँड हे नेहमीचे विषय चालू होते. तेवढ्यात एका पोराने मोबाइल आमच्यापुढे धरला. "सर, ह्यो बाबा कोन हाय?"

बर्फाचे मैदान, हजारो माणसे उभी राहून टाळ्या वाजवत आहेत, २२ नंबरचे मोठे कापड छताकडे वर वर चालले आहे आणि पडद्यावर एक काळा म्हातारा माणूस हसतो आहे. जालना जिल्ह्यात बर्फ बघायचा तर गोळ्याच्या गाडीवर. त्यावर खेळतात हेच पोरांना नवल. त्यात त्या पांढऱ्या गर्दीत काळ्या माणसाचा एवढा मान कशासाठी, हे दुसरे नवल.

त्या माणसाचे नाव विली ओरी. कॅनडातल्या फ्रेडरिक्टन गावात १९३५ साली जन्मला, तेरा भावंडांतले शेंडेफळ. १८ जानेवारी १९५८ रोजी बोस्टन ब्रुइन्स या संघाकडून तो माँट्रियलच्या बर्फावर उतरला आणि नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळणारा पहिला काळा खेळाडू ठरला. लीग सुरू झाली होती १९१७ साली. म्हणजे पहिला काळा माणूस आत यायला चाळीस वर्षे लागली. तोवर काळ्यांना बर्फावर खेळता येत नव्हते म्हणावे, तर तसेही नाही. हॅलिफॅक्समध्ये काळ्या बाप्टिस्ट चर्चच्या लोकांनी १८९५ सालीच स्वतःची हॉकी लीग उभी केली होती. खेळ होता, खेळाडू होते. नव्हते ते आत येण्याचे निमंत्रण.

पोरांना सगळ्यात जास्त भिडली ती डोळ्याची गोष्ट. मोठ्या लीगमध्ये जाण्याच्या दोनेक वर्षे आधी रबराची ती चपटी चकती उजव्या डोळ्यावर बसली आणि त्या डोळ्याची ९५ टक्के दृष्टी गेली. डॉक्टर म्हणाले, खेळ सोड. त्याने खेळ सोडला नाही आणि डोळ्याचे कुणाला सांगितलेही नाही. तो खेळायचा मैदानाच्या डाव्या कडेला, म्हणजे सगळा खेळ त्याच्या उजव्या हाताला. चकती बघायची तर मान पार फिरवावी लागे. असा माणूस प्रेक्षकांच्या शिव्या खात, प्रतिस्पर्ध्याची काठी तोंडावर बसून दात पडलेले असताना ४५ सामने खेळला. १९६१ नंतर मोठ्या लीगने त्याला पुन्हा बोलावले नाही. पुढे पश्चिमेकडच्या दुय्यम लीगमध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोच्या संघांकडून त्याने वर्षानुवर्षे खेळून काढली. तिथे त्याला उजव्या बाजूला खेळवले आणि त्याने दोनदा सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. १९७९ साली तो निवृत्त झाला. पोटासाठी सुरक्षारक्षकाची नोकरीही केली. १९९८ पासून लीगने त्याला गरीब आणि काळ्या वस्त्यांतल्या पोरांना खेळाकडे आणायच्या कामावर घेतले. २०१८ साली हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव आले. २०२२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, बोस्टनने त्याचा २२ नंबर कायमचा राखून ठेवला. आता तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. पोरांनी पाहिलेला व्हिडिओ त्या दिवसाचा.

पण ओरीनंतर दुसरा काळा खेळाडू त्या लीगमध्ये आला तो १९७४ साली. एक माणूस आत घेतला म्हणजे दार उघडले असे होत नाही. दार लोटलेलेच राहते आणि आत घेतलेल्या एकाकडे बोट दाखवून सांगितले जाते, बघा, आमच्याकडे भेदभाव नाही. आरक्षणाच्या वादात 'गुणवत्ता' हा शब्द तोंडावर फेकला जातो तेव्हा आमच्या तरुणांनी ही तेरा वर्षे आठवावीत.

"आपल्यात कोन व्हतं असं?" एका पोराने विचारले.

होते. ओरीच्या जन्माच्याही साठेक वर्षे आधी जन्मलेले. पळवणकर बाळू.

बैठकीतल्या एकाही पोराला हे नाव माहीत नव्हते. याची लाज पोरांना वाटण्याचे कारण नाही. ती आम्हाला वाटली. समाजशास्त्रात एम.ए. केलेले, गावोगाव भाषणे ठोकणारे आम्ही, इतक्या वर्षांत बाळूंचे नाव व्यासपीठावरून एकदाही घेतले नव्हते. माहीत नव्हते असे नाही. टाळत होतो. का टाळत होतो, ते पुढे येईलच.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. कोकणातल्या चांभार समाजातले हे घराणे. बाळू पुण्यात वाढले आणि पारशांच्या क्रिकेट क्लबात महिना तीन रुपयांवर मैदानाच्या कामाला लागले. तिथून युरोपियनांच्या पूना क्लबात, महिना चार रुपयांवर. रोलर फिरवायचा, खेळपट्टी झाडायची, जाळी लावायची आणि साहेबांना सराव म्हणून गोलंदाजी टाकायची. डावखुरा फिरकी चेंडू. जे. जी. ग्रेग नावाचा नामांकित गोरा फलंदाज त्यांच्याकडून तासन् तास सराव करून घेई आणि बाद केले की आठ आणे देई. असे म्हणतात की, त्या क्लबात बाळूंनी शेकडो तास चेंडू टाकले, पण सरावाला बॅट काही त्यांच्या हातात कुणी दिली नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम आणि बॅट धरणे हा साहेबाचा शौक. ही विभागणी गोऱ्यांनीच केली असेल, पण आपल्या लोकांना ती समजावून सांगावी लागली नाही.

बातमी शहरात पसरली. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि गोऱ्यांना बाद करणारा माणूस तर अस्पृश्य. बराच खल झाला आणि बाळूंना संघात घेतले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्याच चेंडूला हात लावत, जो बाळूंच्या हातून सुटलेला असे. चहाची वेळ झाली की बाकीचे आत कपबशीतून चहा पीत आणि बाळूंना बाहेर, वापरून टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवण वेगळे बसून. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे!

हे पोरांना सांगताना आम्ही थांबलो, कारण दोघे एकमेकांकडे बघून हसले. ते हसणे आम्हाला कळते. आमच्या तरुणपणी दुसऱ्या एका तालुक्यातल्या गावात (नाव कशाला) आम्हाला टेनिस बॉल स्पर्धेसाठी 'खास गोलंदाज' म्हणून मोटरसायकलवर बसवून नेत. सामना जिंकला की मटणाची पार्टी व्हायची मळ्यात. आम्हाला पन्नास रुपये हातावर ठेवून एसटी स्टँडवर सोडत. "तुला उशीर व्हईल घरी जायला," म्हणत. किती काळजी!

बाळूंचे पुढे काय झाले? पुण्यातल्या प्लेगच्या काळात ते मुंबईला आले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले आणि रेल्वेत नोकरी मिळाली. १९०६ साली हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंची गोलंदाजी मोठी होती. १९११ साली पटियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरत होता आणि बाळू बळी घेत होते. दौऱ्यात ११४ बळी. पस्तिशी गाठलेला माणूस, जन्मात पहिल्यांदा पाहिलेला थंड ओला देश. धाकटे भाऊ शिवरामही त्या संघात होते. विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊही क्रिकेटपटूच. चार भाऊ आणि चौघेही मोठे खेळाडू. एवढे गुण एका घरात असूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. वर्षानुवर्षे दुसरेच कुणीतरी कर्णधार होई आणि बळी घ्यायला बाळू.

इंग्लंडहून परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्राशी विशीतल्या भीमराव आंबेडकरांचे नाव जोडलेले आहे आणि बाबासाहेबांचे हे बहुधा पहिलेच सार्वजनिक पाऊल, असे इतिहासकार रामचंद्र गुहा लिहितात. एल्फिन्स्टनमध्ये शिकणाऱ्या त्या विद्यार्थ्याच्या आणि त्याच्या सगळ्या पिढीच्या डोळ्यांसमोर मोठा माणूस म्हणजे बाळू होते. हे वाक्य आम्ही पोरांना दोनदा सांगितले.

पोरे पेटली. यंदाच्या जयंतीच्या कमानीवर बाबासाहेब, फुले, शाहू यांच्याबरोबर बाळूंचाही फोटो लावायचा, असे ठरून गेले. तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेले एक काका बोलले. नामांतरात मार खाल्लेला माणूस, आमच्यासारख्या दहा जणांना शिकवील असा. ते म्हणाले, "बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिलेला माणूस तो. त्याचा फोटो जयंतीच्या कमानीवर?"

आमची बोलती बंद. कारण आम्ही बाळूंचे नाव इतकी वर्षे टाळत होतो, ते याच प्रश्नाच्या भीतीने.

काकांचे म्हणणे खोटे नाही. स्वतंत्र मतदारसंघाच्या वादात बाळू होते एम. सी. राजांच्या बाजूला, बाबासाहेबांच्या नव्हे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. येवल्याच्या घोषणेनंतर धर्मांतराला त्यांनी विरोध केला. हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली आणि हरले. आणि १९३७ साली प्रांतिक कायदेमंडळाच्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाकडून उभे असताना काँग्रेसने त्यांच्यासमोर उभे केले ते बाळूंना. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. अवघ्या २,०२० मतांचा फरक.

काँग्रेसला बाबासाहेबांसमोर तेवढ्या वजनाचे नाव हवे होते. अस्पृश्यांच्या वस्त्यांत जे नाव प्रेमाने घेतले जाई ते तिने उचलले. आपल्या माणसासमोर आपलाच माणूस उभा करायचा, हा डाव आजही जालन्यापासून मुंबईपर्यंत प्रत्येक राखीव मतदारसंघात खेळला जातो. त्याचा इतिहास शिकवायचा असेल तर बाळूंना वगळून शिकवणार कसा?

पण आमचे म्हणणे एवढ्यावर थांबत नाही. बाळू तिकडे का गेले, हे समजून घेतले पाहिजे. 'विकले गेले' म्हणणे सोपे आहे आणि आळशीपणाचेही. बाळूंच्या आयुष्याकडे बघा. आधी पारशी क्लब, मग गोऱ्यांचा क्लब, मग हिंदू जिमखाना, मग रेल्वे. प्रत्येक वेळी कुणीतरी दार किलकिले केले आणि बाळू आपल्या बोटांच्या कसबावर आत गेले. ज्याचे सगळे आयुष्य असे गेले, त्याला मनापासून वाटणारच की आपण चांगले खेळलो तर हे लोक आपल्याला माणूस मानतील, आज मातीचे भांडे देतात, उद्या कपबशी देतील. हिंदू समाज हळूहळू सुधारेल, या गांधींच्या म्हणण्यावर अशा माणसाचा विश्वास बसला यात नवल नाही. बाबासाहेबही बुद्धीच्या जोरावर कोलंबियापर्यंत गेले, पण बडोद्यात नोकरीला आल्यावर राहायला खोली मिळाली नाही. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष उलटा होता. गुणाने माणूस आत जातो, समाज जात नाही. समाजाला सत्ता लागते, मत लागते, स्वतःची संघटना लागते.

कोण बरोबर होते? याचे उत्तर पळवणकरांच्या घरातच आहे, आणि ते बाळूंच्या विरुद्ध जाते. १९२० साली हिंदू संघातून बाळूंना वगळले आणि कर्णधारपदावर विठ्ठल यांचा हक्क असताना ते एम. डी. पै यांना दिले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला आणि हा जातीचा अपमान आहे, असे जाहीरपणे सांगितले. वर्तमानपत्रांत चर्चा झाली. संघाला त्यांच्याशिवाय भागेना. शेवटी समेट झाला, दोघे भाऊ परत आले, बाळूंना उपकर्णधार केले. पै मैदानाबाहेर गेले की संघ बाळू चालवत. आणि १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले, संघ युरोपियनांना हरवून जिंकला. वीस वर्षे मान खाली घालून घेतलेल्या बळींनी जे मिळाले नाही, ते एका बहिष्काराने तीन वर्षांत मिळाले. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, १९४८ साली. आमच्या किती ग्रंथालयांत ते आहे? दोन ठिकाणी आम्ही मागितले, दोन्हीकडे नाही म्हणून सांगितले.

हे सगळे आम्ही त्या रात्री काकांना सांगितले. काका शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, पहिल्याहून अवघड. "बाळू चांभार म्हणून तुम्ही लोक विसरलात, असं कुणी म्हणालं तर काय सांगाल?"

यावर आमच्याकडे खरोखर उत्तर नव्हते. गावोगावी हेच दिसते. चर्मकार घरातला पोरगा आमच्या पोरांच्या संघात खेळतो, त्याच बाटलीतले पाणी पितो, पण १४ एप्रिलच्या मिरवणुकीत दिसत नाही. त्याच्या घरी सांगतात, ते त्यांचं आहे. आणि आम्ही? आम्हीही फार बोलवायला जात नाही. रोहिदास जयंतीला आमच्यातले किती जण जातात ते मोजायला एक हात पुरेल. बाबासाहेबांनी एका जातीची चळवळ उभी केली नव्हती. ती एका जातीची दिसू लागली असेल, तर दोष सगळा समोरच्यांचा कसा? १९३७ ची ती दोन हजार मतांची दरी काँग्रेसने खणली हे खरे, पण नंतर इतकी वर्षे ती बुजवायला आम्ही किती घमेली माती टाकली?

बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. नागपूरच्या धम्मदीक्षेला अजून सव्वा वर्ष होते. ती पाहिली असती तर त्यांना काय वाटले असते, याचा तर्क करण्यात अर्थ नाही. ओरीला निदान जिवंतपणी आपला नंबर वर जाताना पाहता आला. ज्या लीगने त्याला दोन हंगामांत मोकळे केले, तिनेच साठ वर्षांनी टाळ्या वाजवल्या. तेही नीट बघितले तर, हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतले ते खेळाडू म्हणून नव्हे, खेळ वाढवणारा म्हणून. खेळाडू म्हणून खेळायला दिले असते तर आकडे झाले असते ना! पण तिथल्या काळ्या समाजाने ओरीचे नाव धरून ठेवले होते. आमच्या बाळूंचे नाव ना जिमखान्यांनी धरले, ना आम्ही.

फोटो लावायचा की नाही, यावर त्या रात्री साडेअकरापर्यंत वाद झाला. पोरांचे म्हणणे, फोटो लावायचा आणि खाली ११४ बळी लिहायचे. दुसऱ्या काहींचे म्हणणे, लावायचा तर १९३७ लपवायचे नाही, तेही लिहायचे. आमचे मत दुसऱ्या बाजूला पडले. जयंतीच्या कमानीवर माणूस लावायचा तर तो अर्धा लावू नये. आणि एक काम आम्ही अंगावर घेतले. चर्मकार वस्तीत निमंत्रण द्यायला पोरांना पाठवायचे नाही, आपण स्वतः काकांना घेऊन जायचे. गेलो. चहा झाला. येतो म्हणाले, येतील की नाही ते १४ तारखेला दिसेल.

फ्लेक्सच्या दुकानात मजकूर घेऊन गेलो तेव्हा काका सोबत होते. दुकानदाराने बाळूंचा जुना काळापांढरा फोटो मोठा करून दाखवला. चेहरा जरा फुटत होता, पण डोळे स्पष्ट होते. खाली १९११, १९२०, १९३२, १९३७, अशा चार ओळी. काकांनी चष्मा वर सरकवून सगळे वाचले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठीक आहे, लावा. पण १३,२४५ हा आकडा मोठ्या अक्षरात टाका."

टाकला.